विजेच्या मोटारसायकलची नोंदणी कोणत्या आकड्यावर ठरते?

विजेवरची मोटारसायकल घेताना बहुतेक जण एका चार्जिंगमध्ये ती किती धावेल हे आवर्जून विचारतात. ती कोणत्या वर्गात नोंदली जाणार, हा प्रश्न मात्र पैसे भरून झाल्यावर निघतो. माझ्या मते तो आधी विचारला पाहिजे, कारण नंबर प्लेट, विमा आणि चालकाचा परवाना या तिन्ही गोष्टी त्या वर्गावर अवलंबून असतात.

पेट्रोलच्या गाड्यांचे वर्ग प्रामुख्याने सीसीवरून पाडले गेले. विजेच्या मोटरला सिलिंडरच नसल्याने तिथे किलोवॅट आणि कमाल वेग यांचा आधार घ्यावा लागतो, आणि खरा घोटाळा होतो तो किलोवॅटमध्ये. मोटर थोडा वेळ आपल्या नेहमीच्या क्षमतेहून कितीतरी अधिक, कधी दुपटीइतकी शक्ती देऊ शकते; परंतु तेवढ्यात तिची वेटोळी आणि कंट्रोलर (मोटरला जाणारी वीज नियंत्रित करणारा भाग) तापू लागतात व शक्ती खाली आणावी लागते. जाहिरातीत बहुधा हीच क्षणिक शक्ती ठळक अक्षरांत असते, तर वर्ग ठरवताना सहसा सलग टिकणारी शक्ती धरली जाते. संयुक्त राष्ट्रांच्या 85 क्रमांकाच्या वाहन नियमावलीत तर मोटर 30 मिनिटे सरासरी किती शक्ती देऊ शकते, हे मोजण्याची पद्धतच घालून दिलेली आहे.

युरोपीय संघाच्या 2013 च्या नियमांत सलग शक्ती 4 किलोवॅटपर्यंत आणि वेग ताशी 45 किलोमीटरपर्यंत असलेली दुचाकी मोपेडच्या गटात येते, आणि 11 किलोवॅटपर्यंतची गाडी हलक्या मोटारसायकलींत. भारतात 30 मिनिटांची शक्ती 0.25 किलोवॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी असेल, तर इतर काही अटींसह ती दुचाकी मोटार वाहन मानलीच जात नाही. त्यामुळे तिला नोंदणीही लागत नाही. या मर्यादेपुढच्या विद्युत गाड्यांसाठी 2018 पासून हिरवी प्लेट आहे: खासगी गाडीला पांढरी अक्षरे, व्यावसायिक गाडीला पिवळी. जर्मनीत 2015 पासून पात्र विद्युत वाहनांच्या क्रमांकाअखेर ‘ई’ लावता येतो. अशी खूण मला फार उपयोगाची वाटते. अपघातस्थळी आलेल्या बचाव पथकाला समोरच्या गाडीत मोठी बॅटरी आहे हे तिच्यामुळे दुरूनच कळते.

सर्वांत चिंतेची बाब म्हणजे वेगाचे कुलूप काढण्याचा प्रकार. कंट्रोलरची मांडणी बदलून 25 ची मर्यादा उठवलेली गाडी दिसायला तीच राहते, पण कायद्याच्या लेखी ती विनानोंदणी, विनाविमा मोटार वाहन बनते, आणि अपघात झाला तर भरपाईचा सारा भार चालवणाऱ्यावर येऊ शकतो. हा बदल ‘छोटी सुधारणा’ म्हणून खपवणाऱ्या विक्रेत्यांविषयी मला चीड येते.

केवळ रानवाटांसाठी विकल्या जाणाऱ्या गाड्यांची अडचण वेगळी असते. त्यांना प्रकार-मान्यता, म्हणजे ते मॉडेल रस्त्यावर चालवण्याची अधिकृत मंजुरी, नसते, आणि नंतर दिवे, आरसे व हॉर्न बसवल्याने ती आपोआप मिळत नाही. म्हणून पैसे देण्यापूर्वी मान्यतेचे प्रमाणपत्र मागावे, त्यातील सलग शक्तीचा आकडा वाचावा आणि सांगाड्यावर कोरलेला चासी क्रमांक कागदाशी अक्षरशः ताडून पाहावा. जुनी गाडी असेल तर मोटरचा क्रमांकही ताडावा. मोटर बदललेली आढळल्यास तो बदल आधीच्या मालकाकडूनच नोंदवून घ्यावा आणि मगच गाडी आपल्या नावावर करावी.