सुरंगीच्या जागी सरंगा

कुडाळची ती कार्यशाळा आम्ही आमच्या फ्रेमवर्कच्या प्रचारासाठीच ठेवली होती. रत्नागिरीत आंबा बागायतदारांच्या आणि होमस्टेवाल्यांच्या वेबसाइट करता करता आम्हा दोघा मित्रांचं पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतलं एक छोटं वेब फ्रेमवर्क, म्हणजे वेबसाइट उभारायचा आयता सांगाडा, तयार झालं होतं. पेटीची ऑर्डर, खोलीचं बुकिंग, आगाऊ रक्कम, दर गिऱ्हाइकासाठी तेच पुन्हा लिहायचा कंटाळा आला, म्हणून सामाईक भाग बाजूला काढला आणि एमआयटी परवान्याखाली, म्हणजे कुणीही फुकट वापरावा असा, खुला केला. पुढे सगळं थंड. वेगाचे आकडे टाकले, मुखपृष्ठ नटवलं. लोक येत, गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर स्टार देत आणि जात. त्यातलं कुणी ते वापरत असल्याची खूण काही दिसेना.

यात नवल नव्हतं. जँगो हे पायथनमधलं नावाजलेलं फ्रेमवर्क २००५ पासून सगळ्यांसाठी खुलं आहे. अमेरिकेत कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावच्या वृत्तपत्राच्या कचेरीत, बातम्यांच्या रोजच्या घाईत ते घडलं. आपल्या मुंबईचं फ्रॅपे हे फ्रेमवर्कही ईआरपीनेक्स्ट ही कंपन्यांचा कारभार सांभाळणारी प्रणाली उभारताना घडत गेलं. आधी काम, मग फ्रेमवर्क, हा क्रम आमचाही होता. पण एवढं जुनं, भरवशाचं जँगो सोडून कुणी आमच्याकडे का यावं, हे आम्हाला नेमकं सांगता येत नव्हतं.

दुपारी सगळे आपापल्या लॅपटॉपवर काहीतरी उभं करत होते. बाहेर पाऊस, इंटरनेट कुणाच्या तरी मोबाइलवरून. तारकर्लीला घरचा होमस्टे सांभाळणारी एक मुलगी मागच्या बाकावर होती. आमचा नमुना बाजूला ठेवून तिने थेट स्वतःचीच साइट करायला घेतली होती. खोलीला नाव दिलं ‘सुरंगी’. ते पान झालं. मग जेवणाच्या यादीत ‘सरंगा’ टाकला, आणि पडद्यावर लाल अक्षरांत आलं: युनिक कन्स्ट्रेंट फेल्ड, पेज डॉट स्लग.

तिने हात वर केला. “सर, ह्या माझा चुकला की तुमचा?”

त्या संदेशात याचं उत्तर कुठेच नव्हतं. अनोळखी माणूस नवीन फ्रेमवर्क सोडून देतो तो इथेच, असं मला आता ठामपणे वाटतं. जँगोत अडलं तर माणूस म्हणतो, आपलंच काही चुकलं असेल, आणि शोधत राहतो. नवख्या फ्रेमवर्कवर एवढा विश्वास कोण टाकणार?

‘स्लग’ म्हणजे पानाचा वेबवरचा पत्ता, आणि दोन पानांचा तो एकच झाला होता. शेजारी बसून आम्ही तो कसा बनतो ते उलगडलं. पानाच्या शीर्षकातून पत्ता करताना नको ती चिन्हं गाळायची, हे काम पायथनच्या रेग्युलर एक्स्प्रेशनवर, म्हणजे मजकुरातली अक्षरं जुळवून पाहणाऱ्या नियमावर, सोपवलेलं. तिथे ‘शब्दातलं अक्षर’ म्हणजे मुळाक्षर किंवा आकडा. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, हलन्त ही युनिकोड या अक्षरांच्या जागतिक संकेतप्रणालीच्या हिशेबाने ‘मार्क’, म्हणून ती गळतात. ‘सुरंगी’चा पत्ता झाला ‘सरग’ आणि ‘सरंगा’चाही ‘सरग’! तारकर्लीचं ‘तरकरल’, देवबागचं ‘दवबग’. पायथनकडे ही तक्रार २००७ पासून नोंदलेली आहे, आणि मराठीच काय, हिंदी-बंगालीलाही हाच त्रास.

कुणीतरी म्हणालं, पत्ते इंग्रजी अक्षरांत ठेवा, प्रश्न मिटला. व्हॉट्सॅपवर मराठी पत्ता पाठवला की पुष्कळदा टक्क्यांच्या चिन्हांची माळ होते, एकेका अक्षराला नऊ नऊ चिन्हं, हे त्याचं म्हणणं खरंच होतं. ती मात्र ऐकेना. “घरावरची पाटी मराठीत हा, मग हयच कित्याक नको?” मला तिचं पटलं. टक्क्यांची माळ वाचायला वाईट, पण उघडते बरोबर ठिकाणी. ‘सरग’मधून सुरंगी परत मिळवायची कशी?

दुरुस्ती तिनेच लिहिली. पायथनच्या युनिकोडडेटा मॉड्यूलला प्रत्येक चिन्हाचा वर्ग विचारायचा आणि ‘मार्क’ असेल तर ठेवायचं. ओळी मोजक्याच, पण चाचणीत तिने शब्द घातले ते सुरंगी, सरंगा, सोलकढी, कुणकेश्वर. बाहेरच्या माणसाने आम्हाला दिलेला तो पहिला कोड. रात्रीच तो आत घेतला, योगदान देणाऱ्यांच्या यादीत तिचं नाव घातलं आणि नवीन आवृत्ती काढली. त्या लाल ओळीच्या जागी आता कुठल्या दोन पानांचे पत्ते एक झाले ते नावानिशी येतं, आणि खाली लिहिलेलं असतं: तुमच्या शीर्षकात काही चुकलेलं नाही, यातला एक पत्ता हाताने बदला.

वेगाचे आकडे आम्ही पहिल्या पानावरून काढले. तिथे आता सुरंगी आणि सरंगा आहेत, आधी काय व्हायचं आणि आता काय होतं, शेजारी शेजारी. पुढच्या आठवड्यापासून वेंगुर्ल्याहून, अलिबागहून प्रश्न यायला लागले: जोडाक्षरांचं काय, तारीख मराठी आकड्यांत छापता येईल का, बुकिंगची पावती मराठीत निघेल का. प्रश्न आला म्हणजे त्या माणसाने वापरून पाहिलं. ज्या दिवशी प्रश्न, त्याच दिवशी उत्तर, हा नियम आम्ही केला आहे, आणि मालवण तालुक्यातल्या प्रश्नांना बहुतेक वेळा आमच्या आधी तीच उत्तर देऊन मोकळी झालेली असते, मालवणीत.