शहाळं

आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हाताने जायचं नाही, हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. इस्पितळाच्या फाटकाशी शहाळ्यांची हातगाडी उभी असते ती काय उगाच? त्या मंगळवारी मीही टिचक्या मारून दोन चांगली पाणीदार शहाळी निवडली आणि पिशवी सांभाळत दुसऱ्या मजल्यावर डायलिसिसच्या खोलीत शिरलो.

सिस्टरने पिशवीत डोकावून पाहिलं. "काका, मित्र ना हे तुमचे? मग मारायला का निघालात?"

मूत्रपिंडं काम करेनाशी झाली की रक्तातलं पोटॅशियम बाहेर जात नाही. साठत राहतं आणि फार वाढलं तर थेट काळजाचा ठोका चुकवतं. शहाळ्यात ते भरपूर असतं. केळ्यात असतं, मोसंबीतही असतं. म्हणजे भेटीला न्यायची आपली अख्खी टोपलीच बाद. वर पाणीसुद्धा मोजून. लघवीच होत नाही म्हटल्यावर प्यायलेलं जाणार कुठं? अंगात मुरतं, पाय सुजतात, दम लागतो. हे सगळं मला साठीनंतर कळलं, तेही शहाळी हातात धरून. ती मी वॉचमनला दिली. त्याने आनंदाने घेतली.

माझा मित्र एसटीतून निवृत्त झाला. घरात, गावात, चर्चमध्ये, सगळीकडे तो कंडक्टरच. आणि मी मास्तर. आठवड्यातून तीन दिवस, चार-चार तास, त्याचा डावा हात मशीनला जोडलेला असतो. महात्मा फुले योजनेत बसतं म्हणून बिलाचा घोर नाही. घोर असतो तो सोबतीला माणूस कोण, याचा. मुलगा पुण्यात नोकरीला. गुरुवार-शनिवार वहिनी येतात, मंगळवार माझा. शनिवारनंतर मध्ये दोन दिवस जातात, त्यामुळे मंगळवारी काट्यावर वजन सगळ्यात जास्त भरतं. त्यात रविवार येतो. उपासनेनंतर कोणाकडे तरी जेवण निघतंच, आणि आमच्या मंडळीत आग्रह केला नाही तर ते जेवण कसलं!

पाण्याचा हिशेब तो वहीत ठेवतो. वही म्हणजे अगदी वेबिल, कंडक्टरचा हिशेबाचा कागद. सकाळी चहा अर्धा कप. गोळ्यांबरोबर दोन घोट. दुपारी डाळ, कंसात 'पातळ'. संध्याकाळी बेरीज. तीस-पस्तीस वर्षं पैशाचा मेळ घालणारा माणूस, घोटाचासुद्धा फरक ठेवत नाही.

पहिल्या महिन्यात भेटायला माणसं मावत नव्हती. पाळकसाहेब आले, डेपोतले जुने ड्रायव्हर आले, महिला मंडळ आलं. एक गृहस्थ खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "कंडक्टर, देव झेपेल तेवढंच ओझं देतो हो." ते गेल्यावर कंडक्टर माझ्याकडे वळला. "मास्तर, हे पण शहाळंच."

खरं तर बायबलात पौलाने करिंथकरांना पत्रातून लिहिलेलं ते वचन मोहाविषयी आहे. आपण ते किडनीला लावतो, कर्जाला लावतो, तरण्या पोराच्या मयतीलाही लावतो. देणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. माझ्या तरी कुठं होतं?

बायबलमधल्या ईयोबावर संकटांमागून संकटं कोसळली. त्याच्या तिघा मित्रांची, अलीफज, बिल्दद आणि सोफर यांची, उपदेशात कायम खरडपट्टी निघते. पण ईयोबाच्या पुस्तकात दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी ते काय करतात ते पाहा. लांबून आले. मित्र ओळखू येईना इतका पालटला होता. गळा काढून रडले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. एक शब्द नाही. मग ईयोब बोलला, आणि चौथ्या अध्यायात अलीफजने जे तोंड उघडलं, ते तिघांचं मिळून थेट पंचविसाव्यापर्यंत चाललं. तुझंच काहीतरी चुकलं असेल, आठवून बघ. शेवटी देवालाच अलीफजला सांगावं लागलं की माझा राग तुम्हा तिघांवर भडकला आहे. आठव्या दिवशी ते गुमान उठून गावी गेले असते तर पुस्तक बरंच लहान झालं असतं. तरी एक त्यांच्या बाजूनं लिहून ठेवावं: जे काही बरंवाईट बोलले ते समोर बसून बोलले. सकाळी सहाला मोबाइलवर वचन पाठवून मोकळे झाले नाहीत. आणि ईयोबाने पुढं त्यांच्याचसाठी प्रार्थना केली. कंडक्टरही करतो. शहाळी आणणाऱ्या एकेकाचं नाव घेऊन करतो, माझं धरून.

मला स्वतःला शुभवर्तमानातले, कफर्णहूम गावचे ते चौघे जवळचे वाटतात. पक्षघात झालेल्याला बाजेसकट उचलून आणलं, दारात रेटारेटी, म्हणून छपरावर चढवलं, छप्पर उकरलं आणि त्याला येशूपुढं खाली सोडलं. आमच्या नगरकडच्या (पाटीवर आता अहिल्यानगर आहे, तोंडात नगरच येतं) जुन्या गावांत माळवदाची घरं असायची. आडव्या तुळया, त्यावर लाकडं, त्यावर मातीचा जाड थर. पावसाळ्याआधी पांढरी माती टाकून धुम्मसाने चोपायची. त्यामुळे ती गोष्ट आम्हा पोरांना समजावून सांगायला लागली नाही. माती खाली कोणाच्या डोक्यावर पडली असेल, तेसुद्धा दिसायचं. मी आजोबांना विचारलं होतं, ते माळवद नंतर नीट कोणी केलं? आजोबा म्हणाले, "त्याच चौघांनी. दुसरं कोण येतंय?" शास्त्रात असं काही नाही. त्या चौघांची नावंही नाहीत, आणि मार्कने त्यांच्या तोंडी एक शब्दही घातलेला नाही.

सहा महिने झाले आता. येणारी माणसं गळत गेली. मी कोणाला नावं ठेवत नाही, मलाही काही मंगळवार जिवावर येतात. सांगण्यासारखं तिथं काही घडत नाही. लोखंडी स्टूल, एसीचा गारठा, मशीनची घरघर. एकदा मी बसल्या बसल्या चक्क घोरायला लागलो. जाग आली तर पलंगावरून आवाज, "काय शिमोना, घटकाभरसुद्धा जागवत नाही होय?" गेथशेमाने बागेत येशूने झोपी गेलेल्या शिमोन पेत्राला जे विचारलं तेच, फक्त एसटीच्या सुरात. सिस्टरला काही कळलं नाही, ती आपली हसली. सुया निघाल्या, पट्टी बसली, की तो म्हणतो "डबल बेल", आणि आम्ही निघतो.

एक गोष्ट मात्र मी त्याच्यापासून चोरून करायचो. पाणी प्यायचो. एप्रिलचं ऊन, बसस्टँडपासून चालत आलेलो, घसा सुकलेला. पण ज्याला दिवसाचे घोट मोजून मिळतात त्याच्यासमोर बाटली तोंडाला कशी लावायची? "जरा फोन करून येतो" म्हणून बाहेर जायचो आणि जिन्यात उभा राहून गटागटा प्यायचो.

परवा परत येऊन स्टुलावर बसलो. कंडक्टर बराच वेळ माझ्याकडे बघत होता, फुकट्या प्रवासी हेरावा तसा.

"कोणाला केलास फोन?"

"घरी."

"मिशीला पाणी लागलंय."

मी रुमाल काढला. तो म्हणाला, "बाटली काढ. हितंच पी." आणि डोळे मिटून घेतले. "सावकाश पी. आवाज तर ऐकू दे."