ओलगे ओलगे

स्वमग्न मुलांच्या आमच्या पालक मंडळाचा पहिला मेळावा लातुरात, एका मंगल कार्यालयात झाला. 2 एप्रिल, जागतिक स्वमग्नता (ऑटिझम) दिन. 2008 पासून हा दिवस जगभर पाळतात, हे पाहुण्यांनी तीनदा सांगितलं. दारात हलगी, आत निळे फुगे, माईकची शिट्टी. आणि ज्यांच्यासाठी हा सगळा थाट, ती पोरं कानांवर हात दाबून जिन्याखाली. माझा धाकटा भाऊ तेव्हा सहा वर्षांचा. एक फुगा फुटला आणि तो टेबलाखाली शिरला, तो आभार मानून झाल्यावरच बाहेर आला.

निघताना औश्याकडचे एक काका आबांना, म्हणजे आमच्या वडलांना, म्हणाले, "पुढच्या बारी येळवशीला आमच्या रानात या. तिथं भाषण करायला कुणाला फुरसत नसती."

तेव्हापासून आमचा मेळावा येळवशीला.

येळवस म्हणजे मार्गशीर्ष अमावास्या. त्या दिवशी लातूर-धाराशिवकडची गावं ओस पडतात. दुकानं बंद, रस्ते मोकळे, सगळं माणूस रानात. ज्याला रान नाही त्याला कुणीतरी बोलावून नेतं. कडब्याची कोपी, आत चुन्यानं रंगवलेले पाच पांडव, बिंदग्यात, म्हणजे लहान घागरीत, आंबील, पातेलंभर भज्जी, बाजरीचे उंडे, म्हणजे उकडलेले गोळे. काकांच्या रानात पोरांना बोरीच्या झाडाभोवती शंभर फेऱ्या मारायच्या असल्या तर मारू द्यायचे. कुणी वळून बघायचं नाही. आई म्हणायची, वर्षातलं हे एकच जेवण ती मांडी घालून, गरम असताना जेवते. लग्नाकार्यात तिचं अर्धं लक्ष दाराकडं असायचं.

जेवणाचा घोळ मात्र पहिल्या वर्षी झालाच. भज्जी म्हणजे सगळ्या भाज्या, शेंगा, दाणे एकत्र शिजवलेले. धाकट्याला एका पदार्थाला दुसरा लागलेला चालत नाही. काकांची आई आग्रहाची. "कामून खाईना गं लेकरू? एक घास तर खा की राजा!" आम्ही काही सांगायच्या आत तिनं एक कोरडा उंडा त्याच्या हातात दिला. तो त्यानं नाकाला लावला, फिरवून पाहिला आणि खाल्ला. पुढं दर वर्षी त्याचे चार उंडे आजी वेगळे झाकून ठेवायची. भज्जीचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही.

दुपारी ताडपत्रीवर कागद निघायचे. 1995 च्या अपंगांसाठीच्या कायद्यात स्वमग्नता नव्हतीच, म्हणून धाकट्याच्या पहिल्या प्रमाणपत्रावर 'मतिमंद' लिहिलेलं. 2016 च्या कायद्यानं दिव्यांगत्वाचे 21 प्रकार धरले, त्यात स्वमग्नता वेगळी आली. मग पुन्हा तपासणी, पुन्हा रांगा. निरामय योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो, हे आम्हाला कुठल्या कार्यालयात नाही, हरभऱ्याच्या वाफ्यापाशी कळलं. निलंग्याच्या बाई विशेष शाळेत शिकवायच्या. त्या फॉर्म भरून द्यायच्या. आमच्या एका झेरॉक्सवर अजून आंबिलीचा डाग आहे. त्यांनीच एकदा सांगितलं की, गेल्या शतकात परदेशातले मोठमोठे डॉक्टरसुद्धा म्हणायचे, आईनं माया लावली नाही म्हणून पोर असं झालं. आई पटकन बोलली, "म्हंजे तिकडं बी सासवाच होत्या म्हणा की!" बायका इतक्या हसल्या की कोपीत झोपलेलं पोर जागं झालं.

ज्वारीची भीती सगळ्यांनाच असायची. ही पोरं न सांगता चालू लागतात, आणि पीक त्यांच्या डोक्याच्या वर. म्हणून चार धुऱ्यांवर चार बाप उभे. ज्या दुष्काळी उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्याच्या आधीची येळवस तेवढी बिनघोर गेली. ज्वारी गुडघ्याएवढीच होती.

पण एका चांगल्या पिकाच्या वर्षी धाकटा गेलाच. हाका सुरू झाल्या. नावानं हाक मारून तो घरात कधी वळत नाही, तिथं ज्वारीत काय वळणार? आबांचा आवाज फाटला. आई बांधावर मटकन बसली. तेवढ्यात आजीनं काय मनात आणलं कोण जाणे, ती पिकाकडं तोंड करून ओरडली, "ओलगे ओलगे!"

सकाळी पिकावर आंबील शिंपडताना म्हणायची ती ओळ, तिचा हा पहिला अर्धा. तिचा अर्थ विचारला तर कुणी कानडीकडं बोट दाखवतं, कुणी नुसतं हसतं. म्हणतात मात्र सगळे. धाकटा तर ऐकलेलं दिवसदिवस घोकतो, त्यानं ती सकाळपासून शंभरदा घोकलेली.

लांबून, अगदी सपाट सुरात आलं, "सालम पोलगे."

आजी पुन्हा ओरडली, तो पुन्हा बोलला. आबा आवाजाच्या रोखानं ज्वारीची ताटं बाजूला सारत गेले. हा मधोमध मांडी घालून, ताटाचं एकेक पान मोजत बसलेला.

असा मुलगा अठरा वर्षांचा झाला की आईबापालाही कायदेशीर पालक म्हणून अर्ज करावा लागतो. जिल्हाधिकाऱ्यांची समिती तो मंजूर करते. आम्ही गेलो त्या दिवशी व्हरांड्यात मरणाची गर्दी. सही करायला आईनं त्याचा हात सोडला, तेवढ्यात तो दिसेनासा. तिनं इकडंतिकडं पाहिलं नाही, पदर खोचला आणि सगळ्या कचेरीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "ओलगे ओलगे!"

पहिलं उत्तर समोरच्या खिडकीतल्या कारकुनानं दिलं, फायलीतून मान वर न काढता. दुसरं जिन्यावरून आलं.