काळ्या मातीचे सर

आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील स्थापत्य शाखेच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा दरवर्षी डिसेंबरात भरत असे, आणि मृदा यांत्रिकी व पाया अभियांत्रिकी शिकवणारे आमचे सर निवृत्तीनंतरही त्याला न चुकता येत. हारतुरे, प्रास्ताविक, आभारप्रदर्शन हे सारे यथासांग पार पडे. खरी मैफल मात्र जेवणानंतर मृदा प्रयोगशाळेत जमे.

तेथे कासाग्रांदे यांच्या उपकरणाची पितळी वाटी होती. तिच्यात ओली माती पसरून मधोमध खाच पाडायची आणि दांडा फिरवून वाटी १ सेंटीमीटर उंचीवरून आपटत राहायची. बरोबर २५ ठोक्यांना खाच तळाशी मिटली, तर मातीतील पाण्याचे तेव्हाचे प्रमाण म्हणजे तिची द्रवसीमा, म्हणजे ज्याच्या पुढे माती द्रवासारखी वाहू लागते ते प्रमाण. अधीक्षक अभियंता झालेली मंडळीही बाह्या सरसावून ठोके मोजत, आणि सर मागून बजावत, ‘‘घाई नको, सेकंदाला दोनच.’’

सरांची सारी कारकीर्द काळ्या मातीत गेली. माँटमोरिलोनाइट या खनिजामुळे ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते आणि तिच्यावरच्या उथळ पायाच्या घरांच्या भिंती तिरक्या तडकतात. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी इंडियन जिओटेक्निकल सोसायटीचे १९७८ चे पहिले वार्षिक व्याख्यान याच मातीच्या प्रश्नांवर दिले होते. काळ्या मातीच्या थरात सुमारे १ मीटर खाली फुगवटा जवळजवळ थांबतो, हे हेरून कट्टींनी वर तेवढ्याच जाडीचा, चिकटपणा असलेल्या पण न फुगणाऱ्या मातीचा थर दाबून बसवण्याची पद्धत रूढ केली. पुढे कालव्यांच्या अस्तरीकरणात ती वापरली गेली. हे सांगताना सर इतके रंगून जात की चहा निवून जाई. काळी माती सरसकट खणून फेकणाऱ्यांवर त्यांचा विशेष राग असे, आणि तो मला आजही रास्त वाटतो.

मेळाव्याला येताना आपापल्या साइटवरची माती पिशवीतून आणण्याचा प्रघात कोणी पाडला, ठाऊक नाही. सरांना शालीपेक्षा तीच भेट प्रिय होती. चिमूटभर माती भिजवून ते काचेवर तळहाताने वळत. ३ मिलिमीटरची बारीक वळी न तुटता झाली, म्हणजे माती चिकण निघाली, की मान डोलवत विचारत, ‘‘मुरूम किती खोल लागला?’’ उत्तर अंदाजपंचे आले, तर बोअर लॉग, म्हणजे जमिनीत भोक पाडताना लागलेल्या थरांची नोंद, टपालाने पाठवण्याचे फर्मान सुटे, आणि बहुतेक जण तो खरोखरच पाठवत.