तुम्ही विचारलंत म्हणून: लोकांना हवं तेच छापलं ना?

अमेरिकन मासिकांच्या इतिहासावर मी लिहिते, म्हणून हा प्रश्न मला नेहमी येतो. "देखण्या बाईचं वेड पुरुषांना सगळीकडेच असतं. 'एस्क्वायर', 'प्लेबॉय'नं लोकांना हवं तेच छापलं. मग त्यांच्या नावानं बोटं कशाला मोडायची?"

वेड आधीपासून होतं, हे मान्य. त्याला वळण कुठलं लागलं, ते मात्र संपादकांनी ठरवलं. १९३३ मध्ये सुरू झालेल्या 'एस्क्वायर'मध्ये उंची कपडे आणि नामवंतांच्या कथांसोबत रंगवलेल्या ललना असत. आधी जॉर्ज पेटीच्या, १९४० पासून अल्बर्टो वर्गासच्या. महायुद्धात त्या बराकींच्या भिंतींवर आणि बॉम्बफेकी विमानांच्या नाकांवरही पोचल्या. पोस्टखात्यानं या मासिकाची टपालाची सवलत काढून घ्यायचा घाट घातला, तो सुप्रीम कोर्टानं १९४६ मध्ये हाणून पाडला. योग्यच केलं. उघड्या अंगाशी माझं भांडण नाही.

भांडण आहे ते पुढच्या पावलाशी. 'एस्क्वायर'मध्येच नोकरी केलेल्या ह्यू हेफ्नरनं डिसेंबर १९५३ मध्ये 'प्लेबॉय' काढलं आणि चित्रातल्या बाईच्या जागी खरी बाई आणली. जुलै १९५५ च्या अंकात तर त्याच्याच कचेरीत वर्गणीदारांचं काम बघणारी तरुणी 'जेनेट पिलग्रिम' या बनावट नावानं झळकली. सुंदरी सिनेमातच असते असं नाही, ती तुमच्या शेजारच्या टेबलावरही बसलेली असेल, हे वाचकाच्या मनावर ठसवायचं होतं. वर्गासच्या चित्राशी बायकोची तुलना करणं हास्यास्पद ठरलं असतं. शेजारच्या मुलीशी तुलना मात्र बिनदिक्कत करता येते. सामान्य बाईवर पडलेलं हे ओझं मला त्या फोटोंपेक्षा कितीतरी जास्त खटकतं.

आणि जिची पूजा मांडली, तिच्या हाती काय आलं? पहिल्याच अंकातली मेरिलिन मन्रो घ्या. १९४९ मध्ये पैशांची नड होती म्हणून तिनं छायाचित्रकार टॉम केलीसमोर विवस्त्र पोझ दिली. मोबदला ५० डॉलर. संमतीपत्रावर सही केली 'मोना मन्रो' अशी, म्हणजे आपलं नाव तिला लपवायचं होतं. ते फोटो एका कॅलेंडर कंपनीकडे गेले आणि हेफ्नरनं त्या कंपनीकडून ५०० डॉलरला छापण्याचा हक्क घेतला. तिला विचारायची गरज कायद्यानं नव्हती, त्यानं विचारलंही नाही. ५० सेंट किमतीच्या त्या अंकाच्या ५० हजारांवर प्रती खपल्या, 'प्लेबॉय'चं साम्राज्य त्यावर उभं राहिलं. तिला त्यातून एक सेंटही मिळाला नाही. १९९२ मध्ये हेफ्नरनं लॉस एंजेलिसमध्ये तिच्या थडग्याशेजारची जागा ७५ हजार डॉलरला विकत घेतली, आणि २०१७ पासून तो तिथंच आहे. हयातीत दोघांची भेटही झाली नव्हती. या व्यवहाराकडे लोक हळव्या प्रेमाची गोष्ट म्हणून बघतात, तेव्हा मला संताप येतो. जिवंतपणी विचारलं नाही, मेल्यावर तर विचारताच येत नाही.

म्हणून 'लोकांना हवं तेच छापलं' हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. बाईच्या रूपावर बघणाऱ्याचा हक्क असतो आणि ती स्वतः त्या व्यवहारात कुठेच नसते, ही सवय या मासिकांनी लावली. ती किती खोल गेली, याचा पुरावा आपल्याकडच्या इंजिनिअर मंडळींनी डोळ्यांनी पाहिलाय. प्रतिमाप्रक्रिया, म्हणजे संगणकानं चित्रांवर काम करण्याचं तंत्र, शिकताना टोपी घातलेल्या, खांद्यावरून मागं बघणाऱ्या 'लेना'चा फोटो आठवतो? तो नोव्हेंबर १९७२ च्या 'प्लेबॉय'मधल्या मधल्या पानाचा वरचा तुकडा. १९७३ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत चाचणीसाठी चांगलं चित्र हवं होतं, हाताशी मासिक होतं, ते स्कॅन झालं. पुढची पन्नास वर्षं जगभरच्या शोधनिबंधांत तोच चेहरा फिरला. वर्गात बसलेल्या मुलींना हे चित्र कुठून आलं ते कळल्यावर काय वाटत असेल, याचा विचार करायला फार थोड्यांना सुचलं. मॉडेलिंगमधून आपण केव्हाच निवृत्त झालो, आता तंत्रज्ञानातूनही निवृत्त व्हायची वेळ आली, असं स्वतः लेनानं २०१९ मध्ये जाहीरपणे सांगितलं. आयईईई कॉम्प्युटर सोसायटी या संगणकतज्ज्ञांच्या संघटनेनं १ एप्रिल २०२४ पासून ते चित्र असलेले निबंध घेणं बंद केलं.

तुमच्या कॉलेजच्या प्रात्यक्षिकांत ते चित्र अजून असेल, तर या सत्रातच बदला. चाचणीसाठी दुसरी चित्रं हवी तेवढी आहेत.