पद्मिनीची नोंदवही: मिसिंग सापडलं, ब्रेक बाकी

होळीपासून आमची ८२ची प्रीमियर पद्मिनी गाडी एकच नाटक करत होती. सकाळी चोक ओढला की लगेच सुरू, पहिली वीसेक मिनिटं सुतासारखी सरळ. इंजिन तापलं की मात्र मिसिंग मारायची, म्हणजे मधेच ठिणगी चुकून अडखळायची, आणि सिग्नलला बंद पडायची.

आधी संशय पेट्रोल पंपावर गेला. पूर्वी मुंबईचे टॅक्सीवाले उन्हाळ्यात पंप गार राहावा म्हणून त्यावर ओलं फडकं टाकायचे, तसं मीही टाकून पाहिलं. फरक शून्य. पंपाला जाणारा रबरी पाइप तेवढा हाताला मऊ लागला. आताच्या पेट्रोलमधलं इथेनॉल जुन्या रबराला मानवत नाही, म्हणून तो बदलून टाकला. मिसिंग होतं तसंच.

मग रविवारी डिस्ट्रिब्युटरचं (प्रत्येक प्लगला वेळेवर ठिणगी वाटणारा डबा) झाकण काढलं. पॉइंट (ठिणगीसाठी करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) काळे पडलेले, एका बाजूला खड्डा, दुसऱ्या बाजूला टेंगूळ. म्हणजे पॉइंट जळू न देणारा छोटा कंडेन्सर गेलेला! गार असताना काम करतो, तापला की दगा देतो. नवा कंडेन्सर, नवे पॉइंट, फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) ०.४५ मिमी गॅप. एक स्क्रूड्रायव्हर, दोन पाने आणि चहाचे दोन कप एवढ्यात काम उरकलं.

आता तुलना न करता राहवत नाही. गेल्या पावसाळ्यात घरच्या नव्या गाडीचा पिवळा दिवा लागला. गाडी उत्तम चालत होती, पण दिवा का लागला ते बघायलाही स्कॅनर हवा. तीन दिवस गाडी आत, शेवटी एक सेन्सर बदलला. जुना हातात मागितला तर तो सीलबंद, उघडून बघायची सोयच नाही. पद्मिनीच्या १०८९ सीसी इंजिनाशेजारी हात घालायला जागा आहे, प्रत्येक वस्तू दिसते, तिचा आवाज ओळखू येतो. कुर्ल्याला या गाड्या बनणं थांबून वीसहून जास्त वर्षं झाली, तरी कंडेन्सर दोनच दुकानं फिरून मिळाला.

(मुलांना घेऊन एक्स्प्रेस वेवर जायचं असेल तर मी नवीच काढतो. पद्मिनीला एअरबॅग नाही, एबीएस नाही, चारही चाकांना जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेक. उगाच भक्ती नको.)

काल चाचणीला दिवे घाट. स्टिअरिंगवरचा गिअर सेकंडला टाकून निवांत चढली, वर पंधरा मिनिटं इंजिन चालू ठेवून उभी केली, एकही मिस नाही. उतरताना मात्र ब्रेक दाबला की डावीकडे ओढायला लागली. सेकंडमध्येच हळूहळू खाली आणली. घरी येऊन पुढचं उजवं चाक काढलं तर ड्रममध्ये ब्रेक ऑइल; ब्रेक दाबणारा व्हील सिलिंडर गळतोय, ड्रमला घासणारे लायनर भिजलेत. दोन्ही पुढच्या चाकांची किट आणि लायनर मागवलेत. तोवर गाडी स्टँडवर.