वेल्ड न तोडता त्याची ताकद कळते का?

वेल्डिंगची तपासणी हे माझं काम आहे म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "वेल्ड न तोडता तो किती मजबूत आहे हे कळतं कसं?" तुम्हीही विचारलंत म्हणून सरळ सांगतो. कळत नाही.

जॉबवरचा, म्हणजे प्रत्यक्ष कामातला वेल्ड ओढून बघता येत नाही. म्हणून त्याच धातूच्या प्लेटा, तोच इलेक्ट्रोड, ठरवलेल्या मर्यादेतला करंट घेऊन आधी नमुना जोडतात आणि त्याच्या पट्ट्या कापून त्यांचे हाल करतात. टेन्साइल मशीनवर पट्टी तुटेपर्यंत ओढतात. मला मात्र बेंड टेस्ट जास्त आवडते. पट्टी 180 अंशांत वाकवायची, एकीची रूटची, म्हणजे वेल्डच्या तळाची बाजू बाहेर, दुसरीची वरची. रूटला धातू नीट वितळला नसेल तर तिथंच तोंड उघडतं. साधारण 3 मिमीपेक्षा मोठं उघडलं की नापास. वेल्डरसमोर वाकवली की वाद संपला.

ताकद सिद्ध होते ती अशी, नमुन्यावर. जॉबवर आम्ही फक्त एवढंच बघतो, की नमुन्यात नव्हता असा दोष इथं शिरलाय का.

त्यात डोळा पहिला. टॉर्च आणि वेल्ड गेज घेऊन बसलं की अंडरकट (वेल्डच्या कडेला प्लेटमध्ये पडलेली खाच), कमी भरलेला थ्रोट (वेल्डची जाडी), वेल्ड संपतो तिथल्या खड्ड्यातली, म्हणजे क्रेटरची भेग दिसते. खरं तर वेल्डिंग सुरू होण्याआधी प्लेटांमधला गॅप तपासला तर पुढचा निम्मा त्रास वाचतो, पण त्या वेळी तपासनीसाला कोण बोलावतो! डीपी (डाय पेनिट्रंट) टेस्टमध्ये लाल रंग भेगेत मुरतो आणि पांढऱ्या डेव्हलपरवर उमटतो, पण भेग पृष्ठभागावर उघडी हवी. मॅग्नेटिक पार्टिकल टेस्ट (चुंबक आणि लोखंडी पूड वापरून केलेली) पृष्ठभागाच्या किंचित खालचंही दाखवते. मात्र ॲल्युमिनियमवर आणि नेहमीच्या 304, 316 स्टेनलेसवर तिचा उपयोग नाही.

सगळ्यात मोठा गैरसमज एक्स-रेचा. "एक्स-रे क्लीन आहे" म्हटलं की लोक निर्धास्त होतात. फिल्मवर दिसतो तो किरणांच्या वाटेतल्या जाडीचा फरक. गॅसची पोकळी, वेल्डमध्ये अडकलेला स्लॅग (वेल्डिंगची मळी) तिथं छान दिसतो. पण प्लेटच्या तिरक्या कडेला वेल्ड चिकटलाच नसेल, तर ती फट कागदासारखी पातळ असते. किरण तिच्या रेषेत गेले नाहीत तर फिल्मवर तिचा मागमूस नसतो. आणि ताकदीला घातक तीच. गोल पोकळीपेक्षा तीक्ष्ण टोकाची फट फार लवकर वाढते. तिच्यासाठी अल्ट्रासोनिक बरं. 45, 60 किंवा 70 अंशांचा प्रोब (लहरी सोडणारं आणि टिपणारं साधन) निवडून ध्वनिलहरी त्या कडेवर काटकोनात आदळतील असं बघायचं, म्हणजे फट स्वतःच परत हाक देते. अर्थात प्रोब धरणारा हात तयारीचा हवा.

घाईही नडते. जास्त ताकदीच्या पोलादात हायड्रोजनमुळे येणारी भेग वेल्ड थंड झाल्यावर काही तासांनी, कधी एक-दोन दिवसांनी उघडते. म्हणून अशा कामात 48 तास थांबून तपासणी करतात. संध्याकाळी वेल्ड, रात्री रिपोर्ट मागणाऱ्यांशी माझं जमत नाही.

आणि कुठला वेल्ड तपासायचा, हाही प्रश्नच आहे. 27 मार्च 1980 रोजी उत्तर समुद्रात अलेक्झांडर कीलँड हा तरंगता प्लॅटफॉर्म उलटला, 123 माणसं गेली. सुरुवात झाली होती एका आडव्या ब्रेसवर (खांबांना जोडणाऱ्या नळीवर) हायड्रोफोनचा, म्हणजे पाण्याखालचा आवाज टिपणाऱ्या उपकरणाचा आधार बसवणाऱ्या 6 मिमीच्या फिलेट (कोपऱ्यात भरलेल्या) वेल्डपासून. त्या वेल्डवर भार येईल असं कुणी धरलंच नव्हतं. चौकशीत जुन्या भेगेच्या आत रंग सापडला, म्हणजे बांधणीच्या वेळी रंग लावला तेव्हाच भेग तिथं होती. ड्रॉइंगमध्ये किरकोळ म्हणून सोडलेल्या ब्रॅकेटांची यादी मी आधी मागतो ती यामुळेच.